‘शेतकऱ्यांना’ हा शब्द नेमका कसा लिहायचा?

मंडळी, पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. विषय रुक्ष वाटेल, पण सातबारा, पीकविमा, मतदारयादी, शाळेचा दाखला यांतल्या कशाशीही तुमचा संबंध येत असेल, तर तो तुमचाही आहे.

आधी हे तीन शब्द बघा.

शेतकऱ्यांना
शेतकर्‍यांना
शेतकर्यांना

तिसरा चुकीचा आहे हे चटकन लक्षात येतं. त्यात य वर रेफ चढलाय आणि उच्चार ‘आचार्य’ मधल्यासारखा होतो. पहिल्या दोघांत मात्र बहुतेक फोनवर काही फरक दिसणार नाही. तरी यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्यात ११ चिन्हं आहेत, दुसऱ्यात १२. दुसऱ्यातलं बारावं चिन्ह अदृश्य आहे. त्याला काही आकार नाही, त्याचं काम फक्त शेजारच्या अक्षराला ‘असा जुळून ये’ असं सांगणं.

महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात या शब्दाइतका वापरला जाणारा दुसरा शब्द शोधावा लागेल. प्रत्येक अर्थसंकल्पात, प्रत्येक मोर्चात, प्रत्येक योजनेच्या नावात तो असतो. आणि नेमका तोच यंत्रात कसा साठवायचा यावर आपलं एकमत नाही.

थोडं मागे जाऊ. मराठीत अर्धा र दोन तऱ्हांनी लिहितात. ‘सूर्य’, ‘कार्य’, ‘आचार्य’ मध्ये रेफ येतो. ‘दऱ्या’, ‘वऱ्हाड’, ‘पांढऱ्या’ मध्ये ती आडवी, पापणीसारखी रेघ येते. हा नुसता वळणाचा फरक नाही, अर्थ बदलतो. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. आचार्यांना बोलावलं तर प्रवचन होईल, आचाऱ्यांना बोलावलं तर जेवण होईल. हिंदीला हा भेद लागत नाही. आपल्याला लागतो, कोकणीला लागतो, नेपाळीलाही लागतो.

आता लिपीतली ही गोष्ट संगणकात कशी गेली ते बघू. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. त्यातला देवनागरीचा विभाग कुणा परक्याने आपल्यावर लादला असं नाही. तो आपल्याच ‘इस्की’ या भारतीय संकेतप्रणालीच्या १९८८ च्या मांडणीवर बेतलेला आहे. देवनागरीच्या त्या मूळ विभागात एकूण १२८ जागा आहेत. मराठी, हिंदी, संस्कृत, नेपाळी, कोकणी सगळ्या तिथेच नांदतात. पापणीच्या र ला तिथे स्वतंत्र घर मिळालं नाही. तो जोडून तयार करायचा आणि जोडण्याच्या रीती दोन. एक: खाली टिंब असलेला ऱ, क्रमांक ०९३१, त्याला हलन्त आणि पुढचं व्यंजन. दुसरी: साधा र, हलन्त, मग ते अदृश्य जोडचिन्ह आणि पुढचं व्यंजन. युनिकोडने पहिली रीत मुख्य मानली आहे, दुसरी १९९६ च्या आवृत्ती २.० शी जुळतं घेण्यासाठी ठेवली आहे.

ठेवली ती ठेवलीच. युनिकोडचा एक पक्का नियम आहे: एकदा आत घेतलेलं चिन्ह बाहेर काढायचं नाही, नाव बदलायचं नाही. नियम योग्यच आहे, नाहीतर वीस वर्षांपूर्वीचा मजकूर आज उघडणारच नाही. पण त्यामुळे दोन रीतींपैकी एक निवडण्याचं काम आपल्यावर येतं. ते युनिकोड करणार नाही.

तुम्ही म्हणाल, दिसतं तर सारखंच ना? मग बिघडलं कुठे?

बिघडतं ते शोधताना. आमच्या ओळखीचे एक काका आहेत, आडनावात ‘ऱ्ह’ आहे. एका योजनेच्या लाभार्थ्यांच्या यादीत नाव आहे का, हे विचारायला ते एका कार्यालयात गेले होते, मीही सोबत होतो. समोरच्या मुलाने आडनाव टाइप केलं, शोधलं आणि नम्रपणे सांगितलं, “काका, यादीत तुमचं नाव नाही.” भिंतीवर त्याच यादीची छापील प्रत लावलेली होती, तिच्यात काकांचं नाव ठळक दिसत होतं. त्या मुलाची काही चूक नव्हती. त्याच्या कळफलकावरून एक ‘ऱ्ह’ येत होता, यादीत दुसरा होता. मी त्याला आडनाव दुसऱ्या रीतीने टाइप करायला सांगितलं, नाव लगेच आलं. काकांनी विचारलं, “म्हणजे मी दोन माणसं आहे का?” यंत्रापुरतं बोलायचं तर हो.

कुऱ्हाडे, बऱ्हाटे, गोऱ्हे, कऱ्हाडकर... अशी आडनावं असलेले वाचक इथेही असतील. कऱ्हाड, नऱ्हे अशी गावंही आहेत. यातल्या प्रत्येकाला हा धोका आहे. एका कागदावर एक रूप, दुसऱ्यावर दुसरं, आणि यंत्राने दोन्ही जुळवून बघितली की ‘नाव जुळत नाही’. माणसाला दोन्ही कागद हातात धरून फरक दाखवता येत नाही, कारण फरक दिसतच नाही. न दिसणाऱ्या चुकीबद्दल तक्रार तरी काय करणार?

वर तिसरं रूप दिलंय, ‘शेतकर्यांना’, तेही याच घोळातून येतं. अनेक प्रणाली अदृश्य चिन्हं कचरा समजून गाळून टाकतात. मजकूर एकीकडून दुसरीकडे गेला की जोडचिन्ह गळतं, मागे साधा र आणि हलन्त उरतो आणि त्याचा रेफ होतो. बातम्यांच्या संकेतस्थळांवर ‘दुसर्या’, ‘खर्या’, ‘कर्मचार्यांचे’ असं वाचून आपण ‘काय ही मराठी!’ म्हणून हळहळतो. पुष्कळदा लिहिणाऱ्याने बरोबरच लिहिलेलं असतं. वाटेत जोडचिन्ह सांडलेलं असतं.

आता म्हणाल, हा एकच र आहे, एवढं काय त्याचं? एकच नाही.

‘ॲ’ घ्या. ॲड., ॲम्ब्युलन्स, ॲप, बॅंक-बिंक सोडा, नुसता शब्दाच्या सुरुवातीचा ॲ. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली २००८ मध्ये, आवृत्ती ५.१ मध्ये, क्रमांक ०९७२. तोवर लोकांनी आपापले मार्ग काढले होते. कुणी अ ला वरून चंद्र दिला, कुणी मध्ये अदृश्य जोडचिन्ह घातलं, कुणी हिंदी वळणाचा ऍ वापरला. आज हे चारही प्रकार चालू आहेत. राज्य शासनाने २००९ मध्ये मराठीची प्रमाण वर्णमाला जाहीर केली, त्यात ॲ आणि ऑ यांना स्वर म्हणून जागा दिली. म्हणजे लिपीच्या बाजूने निर्णय झाला, संकेताच्या बाजूनेही झाला, दोन्हींमध्ये जेमतेम वर्षाचं अंतर. अ वर चंद्र देऊन ॲ करू नका, असं युनिकोडच्या तक्त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. तरी चार प्रकार चालूच आहेत, कारण दोन्ही निर्णय एकमेकांना भेटलेच नाहीत.

आणखी एक गंमत. ॲ उशिरा आल्यामुळे त्याचा क्रमांक ह च्याही पुढे आहे. यादी नुसत्या क्रमांकानुसार लावली तर सगळे ‘ॲड.’ ह च्या नंतर, शेवटच्या बाकावर. ळ चा क्रमांक ल आणि व यांच्या मध्ये, शाळेत मात्र आपण तो ह च्या नंतर शिकलो. आणि क्षीरसागर? शाळेच्या वर्णमालेत क्ष शेवटाकडे, काही कोशांत क च्या पोटात. यंत्राला यातलं काय हवंय हे सांगावं लागतं. मराठीचा क्रमलावणीचा नियम जगभर वापरल्या जाणाऱ्या सामायिक भाषा-माहितीसाठ्यात नोंदवलेला आहे, फुकट आहे. पण प्रणाली बनवणाऱ्याने तो वापरायला हवा आणि विकत घेणाऱ्याने तो मागायला हवा.

विसर्गाचंही तेच. ‘दुःख’, ‘अंतःकरण’, ‘निःस्वार्थ’ मध्ये विसर्ग हवा, तिथे कोलन टाकलेला असतो. दिसायला दोन टिंबंच. यंत्र मात्र कोलनपाशी शब्द तोडतं, ‘दु’ वेगळा आणि ‘ख’ वेगळा. जुन्या फॉन्टमधून आलेल्या मजकुरात ‘ओ’ ऐवजी अ ला ओकार जोडलेला ‘अो’ सापडतो. आणि ‘वाङ्मय’! ङ मिळत नाही म्हणून ‘वाड्मय’ लिहिलं जातं, आणि मग वाङ्मयाच्या इतिहासाचं पुस्तक ग्रंथालयाच्या संगणकात सापडत नाही.

हे सगळं मी का सांगतोय? मी बरीच वर्षं अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधनाचं काम करतो. या काळात दोन प्रकारची माणसं भेटली. एक लिपीवाली. शुद्धलेखन, ऱ्हस्व-दीर्घ, पाकळीचा ल की दंडाचा ल यावर ती तासन्तास बोलतात आणि ते ऐकण्यासारखं असतं. ‘पण संगणकाचं आम्हाला विचारू नका.’ दुसरी संकेतवाली. कोणतं चिन्ह किती बाइटचं, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. ‘पण व्याकरणाचं आम्हाला विचारू नका.’ दोन्ही गट एकाच अक्षराबद्दल बोलतात, आपापल्या खोलीत बसून. मधल्या भिंतीत दार नाही. काकांचं आडनाव त्या भिंतीत अडकतं.

पाकळीच्या ल चंच बघा. मराठी ल आणि हिंदी ल, मराठी श आणि हिंदी श, यांना युनिकोडने वेगळे क्रमांक दिलेले नाहीत आणि ते बरोबर आहे. अक्षर एक, वळणं दोन. वळण ठरवायचं काम फॉन्टचं. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात. मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितलं की मराठी वळण उमटतं. पण किती संकेतस्थळं ती एक ओळ लिहितात? मग ‘मराठीचा ल हिंदीने पळवला’ अशी ओरड होते. पळवला कुणी नाही. आपण भाषेच्या रकान्यात मराठी लिहिलं नाही, इतकंच. याउलट ऱ चं दुखणं वळणाचं वाटतं, पण आहे संकेताचं. कोणतं दुखणं कुठल्या खोलीतलं, हे कळायला दोन्ही खोल्यांत जावं लागतं.

असं करणारी माणसं आपल्याकडे होऊन गेली आहेत. निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजी खिळ्यांची घडण आणि अक्षराची घडण दोन्ही जाणत होते. सावरकरांनी लिपिशुद्धीच्या चळवळीत अि, अी, अु असे स्वर सुचवले, त्यामागे खिळे कमी व्हावेत, छपाई सोपी व्हावी हा हिशोब होता. ती सूचना पटो न पटो, यंत्राचा विचार त्यात होता. अलीकडचं नाव र. कृ. जोशी. कवी, सुलेखनकार, आयआयटी मुंबईत शिकवणारे. विंडोजमध्ये वर्षानुवर्षं ज्या ‘मंगल’ फॉन्टमध्ये आपण देवनागरी वाचली, तो त्यांनी घडवला. लिपीचं सौंदर्य जाणणारा माणूस यंत्राच्या खोलीत जाऊन बसला होता.

शेजाऱ्यांकडे बघितलं तरी शिकायला मिळतं. मल्याळममध्ये चिल्लू नावाची अक्षरं आहेत, व्यंजनांची स्वररहित रूपं. तीही याच अदृश्य जोडचिन्हाने लिहावी लागत. त्यावर भाषेची माणसं आणि संगणकाची माणसं समोरासमोर वर्षानुवर्षं भांडली. शेवटी २००८ च्या आवृत्तीत चिल्लूंना स्वतंत्र क्रमांक मिळाले. सगळ्यांचं समाधान झालं असं नाही, जुनी रूपंही चालू राहिली. पण वाद उघड झाला आणि केरळच्या भाषाप्रेमींना प्रश्न काय आहे हे कळलं. बंगालीच्या खंड त ला २००५ मध्ये जागा मिळाली. आणि रुपयाचं चिन्ह? जुलै २०१० मध्ये केंद्र सरकारने ते स्वीकारलं, ऑक्टोबर २०१० मध्ये युनिकोडच्या सहाव्या आवृत्तीत ते होतं. तीन महिने! सरकारने मनावर घेतलं की काम होतं.

आपली मोडी लिपी २०१४ मध्ये सातव्या आवृत्तीत आली. तिचा प्रस्ताव तयार करण्याचं चिकाटीचं काम अंशुमन पांडे या अभ्यासकाने केलं. पेशवे दप्तरातले रुमालच्या रुमाल मोडीत आहेत, त्यांना यंत्रात आणण्याची वाट त्यामुळे खुली झाली. त्या वाटेवर किती मराठी विद्यापीठं चालली, हे ज्याने त्याने आपल्या विद्यापीठात विचारावं.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला: ‘यंत्रं आता हुशार झालीत, कसंही लिहिलं तरी समजून घेतात.’ मोठी शोधयंत्रं घेतात, खरं आहे. त्यामागे पैसा आणि माणसं आहेत. तालुक्याच्या कचेरीतली, पतपेढीतली, शाळेतली प्रणाली कमीत कमी किमतीच्या निविदेवर बनलेली असते, ती अक्षरागणिक तुलना करते. सामान्य माणसाचं काम तिच्याशीच पडतं.

दुसरा आक्षेप: ‘सरळ इंग्रजीत नोंद करा, कटकट नाही.’ कुऱ्हाडे हे नाव इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहितात ते मोजा आणि मग सांगा कटकट कुठे जास्त आहे. मराठीत निदान नियम ठरवता येतो.

मग करायचं काय? माझ्या मते चार गोष्टी, चारही बिनखर्चाच्या म्हणाव्यात अशा.

एक. ‘युनिकोड वापरा’ एवढं सांगून भागत नाही, युनिकोडमधलं कोणतं रूप ते सांगा. पापणीच्या र साठी ऱ आणि हलन्त. ॲ साठी ०९७२. विसर्गाच्या जागी विसर्गच. ओ-औ साठी अखंड अक्षरं. हे सगळं एका पानावर मावतं. मराठी भाषा विभाग आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी ते पान प्रत्येक कार्यालयाच्या भिंतीवर लावावं. इनस्क्रिप्ट कळफलकावर र च्याच कळीवर शिफ्ट दाबली की ऱ येतो, हेही त्यात लिहावं.

दोन. माणूस कसंही टाइप करो, साठवताना प्रणालीने एकच रूप करावं, आणि शोधताना सगळी रूपं सारखी मानावीत. जाणकार माणसाला हे काम फार दिवसांचं नाही. जुन्या नोंदीही अशाच एकसारख्या करता येतील. जिथे जोडचिन्ह आधीच गळून रेफ झालाय, तिथे मात्र माणसानेच बघावं लागेल, कारण दर्या की दऱ्या हे यंत्राला आपोआप कळणार नाही.

तीन. सरकारी पैशातून मराठी प्रणाली विकत घेताना दहा शब्दांची चाचणी अट म्हणून घाला. शेतकऱ्यांना, कऱ्हाड, ॲड., दुःख, वाङ्मय, क्षीरसागर, ऱ्हस्व, औषध, ज्ञानेश्वर, बाळ. हे शब्द भरता येतात का, शोधता येतात का, क्रमाने लागतात का, छापून कॉपी केले तर तसेच राहतात का. नापास झाली तर बिल थांबवा. जुन्या फॉन्टमध्ये अडकलेल्या शासन निर्णयांचं आणि पुस्तकांचं रूपांतर करतानाही हीच चाचणी लावा. त्या फॉन्टांत मराठी अक्षर म्हणजे इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेलं चित्र असायचं. कॉपी केलं की हाती नुसती चिन्हांची खिचडी येते. तो मजकूर आज कुणाला शोधता येत नाही, अंध वाचकाच्या यंत्राला वाचता येत नाही.

चार. महाविद्यालयांच्या मराठी विभागांत या विषयाचा एक तास आणि संगणक विभागांत मराठी वर्णमालेचा एक तास. दोन्ही तासांना मुलं एकत्र बसली तर उत्तमच.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पेढे वाटले, आनंद झाला, व्हायलाच हवा होता. रिद्धपूरला मराठी भाषेचं विद्यापीठ उभं राहतंय, तेही चांगलंच. या दर्जाच्या नावाने जे काम होईल, त्यात हे एक पान असावं एवढीच मागणी आहे. दोन हजार वर्षांची परंपरा सांगणाऱ्या भाषेला ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द एकाच तऱ्हेने साठवता यायला हवा.

तुमच्या आडनावात, गावाच्या नावात ऱ्ह, ऱ्य किंवा ॲ असेल, तर आपले दोन-तीन ऑनलाइन दाखले उघडून ते नाव एकातून कॉपी करून दुसऱ्यात शोधून बघा. सापडलं नाही तर त्या कार्यालयाला लेखी कळवा आणि पोच घ्या. तोंडी सांगितलं तर “दिसतंय की बरोबर” असं उत्तर मिळेल.